न घेतलेल्या घराचं गहाण

त्या मंगळवारी राधाकिशनरावांनी एवढंच ठरवलं होतं, की फाट्यावर जायचं, एका शब्दाचा अर्थ विचारायचा आणि येताना कोथिंबीर घेऊन यायचं. कोथिंबीर त्यांनी आणली. ती चांगली ताजी होती, असं त्यांच्या बायकोनं, सत्यभामाबाईंनी, पुढं कितीतरी दिवस सगळ्यांना सांगितलं. कारण त्या दिवसातलं सांगण्यासारखं तेवढंच होतं.

शब्द होता 'मॉर्गेज'.

त्यांचा एकुलता एक मुलगा रविराज कॅनडात होता. आधी तो चौसाळ्याहून बीडला गेला, बीडहून पुण्याला आणि पुण्याहून एकदम समुद्रापलीकडं. प्रत्येक वेळी राधाकिशनराव 'जा, जा, चांगलंच हाय' म्हणाले. (माणूस एकदा असं म्हणून बसला, की पुढच्या वेळी वेगळं काही म्हणायची सोय राहत नाही.) तिकडं रविराज, त्याची बायको राजनंदिनी आणि त्यांची लहान मुलगी एका घराच्या तळघरात भाड्यानं राहत होते. भाडं दरवर्षी वाढत होतं. परवाच्या रविवारी रविराजचा फोन आला तेव्हा तो जरा दमल्यासारखा बोलत होता.

"आबा, भाडं भरून भरून हातात काही राहत नाही. आता दोनच रस्ते आहेत. एक तर मॉर्गेज घेऊन इथं घर करायचं, नाही तर पुण्याच्या ऑफिसात बदली मागून परत यायचं. एक घर बघितलंय. पुढच्या रविवारपर्यंत त्यांना कळवायचंय. तुम्ही विचार करून सांगा. तुम्ही म्हणाल तसं करू."

"हां, मॉर्गेज," राधाकिशनराव म्हणाले होते, "ते तर करावंच लागतं."

मॉर्गेज म्हणजे काय हे त्यांना माहीत नव्हतं. पण पोरानं एवढ्या विश्वासानं सल्ला विचारावा आणि बापानं 'ते काय असतं रे?' म्हणावं, हे त्यांच्यानं होईना.

तसे ते हिशोबाला कच्चे नव्हते. सगळी नोकरी त्यांनी साखर कारखान्यात काट्यावर केली होती. उसानं भरलेली ट्रॉली आली की तिचं वजन करायचं, ऊस उतरवून रिकामी परत आली की पुन्हा वजन करायचं. भरल्यातून रिकामं वजा केलं की उरतो तो खरा ऊस. आयुष्यात काहीही ठरवायचं असलं, तरी ते असंच भरलं-रिकामं करून बघायचे. मुलीसारखी सून अशीच निवडली, फ्रिज असाच घेतला. पण या घराचं वजन काही जमेना. भरल्या बाजूला हक्काचं छप्पर, नातीला वेगळी खोली, दरवर्षी भाडं वाढवणाऱ्या मालकाच्या तोंडाला कुलूप. वजा करायला बँकेचा हप्ता, विमा, तिथला कर, दारातला बर्फ काढायचा खर्च. शिवाय तिकडं म्हणे घरसुद्धा तापवावं लागतं! (आपल्याकडं मे महिन्यात घर आपोआप तापतं, आणि कुणी बिल पाठवत नाही.) हे सगळं वजा करून झालं, तरी एक गोष्ट काट्यावर चढवायची राहायची, आणि ती चढवायचं धाडस त्यांना होत नव्हतं.

ती गोष्ट अशी, की भाड्यानं राहणारा माणूस पाहुणा असतो. पाहुणा आज ना उद्या उठतो. एकदा का त्यानं तिथं स्वतःचं घर केलं, की मग तो इकडं पाहुणा होतो.

राधाकिशनरावांना पोरगं परत यायला हवं होतं. बास. पण 'ये' हा शब्द काही त्यांच्या तोंडातून निघत नव्हता. पोराच्या पायात आपण बेडी घातली असं नको व्हायला, म्हणून. सत्यभामाबाईंनाही तेच हवं होतं आणि त्यांच्याही तोंडातून तो निघत नव्हता. त्यामुळं दोघं दिवसभर हवापाण्यावर बोलत.

तर ते फाट्यावरच्या हॉटेलात गेले. तिथं बिभीषण बसलेला होता. बिभीषण एका बँकेतून शिपाई म्हणून रिटायर झालेला. थकलेल्या कर्जाच्या नोटिसा लोकांच्या दारावर डकवायच्या आणि चार माणसांदेखत वाचून दाखवायच्या, हे काम त्यानं जन्मभर केलेलं. त्यामुळं त्याचा आवाज कायमचा मोठा झाला होता.

"बिभीषण, मॉर्गेज म्हंजे काय रे?" राधाकिशनरावांनी अगदी कानाशी जाऊन विचारलं.

"गहाण!" बिभीषण म्हणाला. भजी तळणाऱ्यानं झारा थांबवून वळून बघितलं.

"हळू बोल की बे."

"आता गहाणाला गहाणच म्हणावं लागंल, त्यात हळू काय? कुनाचं हाय?"

"रवीचं. तिकडलं."

बिभीषणनं तोंडाला लावलेली बशी खाली ठेवली. "रविराजचं घर गहाण पडलं?"

इथं राधाकिशनरावांनी नीट सांगायला हवं होतं, की पडलं नाही, अजून घेतलंच नाही. जे घर घ्यायचंय तेच म्हणे बँकेकडं ठेवायचंय. पण हे त्यांचं त्यांनाच पटेना. जी म्हैस अजून बाजारातून आणली नाही, ती गहाण ठेवायची कशी? असलं काही सांगितलं तर आपलं शिकलेलं पोरगं येडं ठरेल. म्हणून ते नुसतं "आसंच कायतरी" म्हणाले, कोथिंबिरीची जुडी घेतली आणि घरी आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी म्हाळू आला. म्हाळू मेंढपाळ, राधाकिशनरावांचा लहानपणापासूनचा मित्र. एरवी तो रस्त्यावरूनच "वहिनी, चा ठिवा" अशी हाक देत यायचा. आज त्यानं काठी भिंतीला टेकवली, डोक्याचा पटका काढून मांडीवर ठेवला आणि ओट्यावर गुपचूप बसला.

"चा टाकते," सत्यभामाबाई म्हणाल्या.

"नगं वहिनी. आज नगं."

"कावून? तब्येत बरी न्हाई का?"

"माझी तब्येत काय करायचीय आता," म्हाळू म्हणाला आणि त्यानं लांब श्वास सोडला.

मागोमाग राधाकिशनरावांचा चुलतभाऊ शहादेव आणि त्याची बायको संगीता आले. संगीताच्या हातात फडक्यानं झाकलेली टोपली होती. टोपलीत पिठलं आणि भाकरी. आता शेजाऱ्यांनी शिजवलेलं पिठलं-भाकरी आपल्याकडं कसल्या घरात नेतात, हे काही मी सांगायला नको. ज्या घरात माणूस गेलेलं असतं आणि चूल पेटलेली नसते, तिथं. सत्यभामाबाईंनी टोपली बघितली. त्या तडक आत गेल्या. राधाकिशनराव दाढी करत होते.

"खरं सांगा, कोण गेलं?"

राधाकिशनरावांच्या हातातलं ब्लेड थांबलं. "कोण गेलं?"

"मला इचारता? सगळा गाव येऊन बसलाय. पिठलं आणलंय!"

"पिठलं? मंग तुलाच म्हाईत आसंल! तुझ्या भावाचा फोन आलता ना रात्री?"

"म्हंजे माझा भाऊ गेला?" आणि सत्यभामाबाईंनी मोठ्यानं गळा काढला.

बाहेर तो आवाज ऐकून शहादेव म्हाळूला म्हणाला, "घ्या. खरंच हाय म्हंजे." आणि संगीतानं रीतीप्रमाणं पदर डोळ्याला लावून आत धाव घेतली. दोघी बायका एकमेकींच्या गळ्यात पडून रडू लागल्या. एक भावासाठी रडत होती, दुसरी कॅनडातल्या घरासाठी. राधाकिशनराव अर्ध्या दाढीनं मधे उभे होते आणि नक्की कुणासाठी रडायचं ते न कळून आळीपाळीनं दोघींकडं बघत होते.

"जाऊ द्या जाऊबाई," शेवटी संगीता म्हणाली, "घर गेलं तर गेलं. जीव तर वाचला पोराचा."

सत्यभामाबाईंनी हुंदका गिळला. "कुणाचं घर?"

"रविराजचं. गहाण पडलं ना?"

सत्यभामाबाईंनी आधी सवयीनं देवाचे आभार मानले, भाऊ जिवंत असल्याबद्दल. मग त्या तरातरा ओट्यावर आल्या. "कुणी सांगितलं? आवं, घर कुठं हाय त्याचं गहाण पडायला? पोरगं बेसमेंटात ऱ्हातंय!"

"ते काय आस्तंय?" म्हाळूनं विचारलं.

"जमिनीखाली आस्तंय. वर घरमालक, खाली हे."

म्हाळूनं विचार केला. जमिनीखाली, वरून झाकलेलं. असं एकच ठिकाण त्यानं बघितलं होतं. त्याच्या आजोबांच्या वेळी ज्वारी साठवायला अंगणात खोल खड्डा असायचा, पेव. "पेवात ऱ्हातेत?" तो कळवळून म्हणाला. "वहिनी, पेवात ज्वारी ठिवतेत. माणसं कुनी ठिवतंय का?"

"पेव न्हाई हो भाऊजी, खिडकी आस्ती त्याला. वर, छताजवळ."

"माय गं," संगीता म्हणाली. छताजवळच्या खिडकीनं तर तिचा उरलासुरला धीर सुटला.

दुपारपर्यंत गावात पक्कं झालं, की रविराजचं घर बँकेनं घेतलं आणि आता तो बायकोपोरीसकट पेवात राहतो. पुढच्या दोन-तीन दिवसांत माणसं येत राहिली. कुणी चहा घेईना. सगळे अंगणात बसून जमिनीकडं बघत. एका म्हातारीनं तर पेवाचं झाकण काढल्यावर लगेच आत उतरू नये, आधी कंदील सोडावा, हवा वाईट असते, असं रवीला कळवा म्हणून बजावलं.

"सांगून टाका की सगळ्यास्नी, काय खरं हाय ते," सत्यभामाबाई म्हणाल्या.

"सांगतो," राधाकिशनराव म्हणाले, आणि त्यांनी सांगितलं नाही.

कारण त्यांच्या मनात एक विचार आला होता. पोरगं परत यायला का कचरतं? लोक काय म्हणतील म्हणून. परदेशात टिकला नाही म्हणतील, हात हलवत आला म्हणतील. पण गावानंच बोलावलं तर? अख्खी भावकीच म्हणाली, 'रवी, सोड ते, घरी ये,' तर त्यात कसली लाज? बापाला तोंड उघडावंच लागणार नाही. ज्या शब्दासाठी आपली जीभ वळत नाही, तो शब्द गाव म्हणेल. (आपल्या वतीनं दुसरं कुणी बोलेल या आशेवर माणसं आयुष्यात फार काय काय सोडून देतात.) सत्यभामाबाईंनी नवऱ्याच्या तोंडाकडं थोडा वेळ बघितलं. त्यांना बरंच काही समजलं असावं. मग त्या उरलेलं पिठलं झाकून ठेवायला आत निघून गेल्या.

शनिवारी शहादेव म्हणाला, "दादा, उद्या रवीचा फोन येईल तवा आमी सगळे येतो. भावकी म्हणून चार शब्द बोलाया पाहिजेत."

"या की," राधाकिशनराव म्हणाले. कितीतरी दिवसांनी त्या दिवशी त्यांना पोटभर जेवण गेलं.

रविवारी सकाळी अंगणात सतरंजी अंथरली. खुर्चीवर पाण्याचा तांब्या ठेवून त्याला मोबाईल टेकवला. फोन लागला. पडद्यावर रविराजचा चेहरा आला आणि पुढ्यात बसलेली एवढी माणसं, टोप्या, पटके आणि डोळ्याला लागलेले पदर बघून पांढराफटक पडला.

"आबा! कोण गेलं?"

"कुनी गेलं न्हाई!" सत्यभामाबाई घाईघाईनं ओरडल्या. आठवडाभरात त्यांना या प्रश्नाची सवय झाली होती.

शहादेवनं घसा खाकरला आणि मोबाईलपुढं तोंड नेलं, इतकं की रविराजला बहुधा फक्त मिशी दिसली असेल. "रवी, घाबरू नगंस. घरावर वेळ येती. आपल्या पणजोबाच्या घरावर बी आलती. तवा भावकी उभी ऱ्हायली, आता बी उभी हाय. आमी बसलोत इथं."

"बँकेवाला काय म्हंतोय ते मला सांग," बिभीषण म्हणाला. "मॅनेजर आसंल त्याला फोन दे. आपुन बोलू."

"चार मेंढरं इकली तर माझ्या कळपाला कळनार बी न्हाई," म्हाळू म्हणाला. त्याचा आवाज भरून आला होता.

राधाकिशनराव मागं बसून वाट बघत होते. आता म्हणतील. आता कुणीतरी म्हणेल, ये.

"काय बी कर," शहादेव म्हणाला, "पन घर जाऊ द्यायचं न्हाई. घर ही आब्रू हाय. हाडाची काडं कर, पन घर राख."

"राख!" सगळे म्हणाले.

राधाकिशनराव पुढं सरकले. घर गहाण पडलं म्हणून गाव गोळा झालेलं त्यांनी अनेकदा बघितलं होतं. स्वतःही जाऊन बसले होते. आणि आता त्यांना एकदम आठवलं, की अशा बैठकीत 'घर सोड आणि निघून ये' असं आजवर एकही माणूस कधी म्हणाला नव्हता. त्यांनी शहादेवचा सदरा मागून ओढला आणि कुजबुजले, "आरं, त्याला परत ये म्हन की."

"परत?" शहादेव वळून मोठ्यानं म्हणाला. "घर टाकून? दादा, तुमी बाप हाय का कोन?"

सगळी भावकी राधाकिशनरावांकडं बघू लागली. त्यांनी सदरा सोडला.

पडद्यावर रविराजनं चष्मा काढून डोळे पुसले. मागं राजनंदिनी येऊन उभी होती, तिनंही पुसले. "आबा," तो म्हणाला, "खरं सांगू का? मी काल रात्रीच ठरवलं होतं, की नको ते घर. परत येऊ. नंदिनीनं पुण्यातल्या शाळासुद्धा बघून ठेवल्या होत्या. आम्हाला वाटायचं, आपण इथं एकटे आहोत, उद्या हप्ता थकला तर कुणाकडं बघायचं? आणि तुम्ही तर एवढी सगळी माणसं माझ्यासाठी गोळा केलीत. मी एक शब्द न मागता. आता मला कसली भीती नाही. उद्याच घराच्या कागदांवर सही करतो. पैसे नकोत काका, तुम्ही पाठीशी आहात तेवढं पुरे."

पैसे नकोत म्हटल्यावर म्हाळूला जरा हुशारी आली. "पर सही कावून करायची? घर तर गहाण हाय ना?"

मग रविराजनं समजावून सांगितलं, की घर अजून घ्यायचंय, बँक पैसे देणार, आणि पैसे फिटेपर्यंत ते घरच बँकेकडं तारण राहणार.

बिभीषणनं कपाळावर हात मारला. "तिच्यायला, होम लोन हाय की बे हे! आपल्या कॉलनीत दर घराला हाय. माझ्या जावयाला हाय. राधाकिशन, मॉर्गेज मॉर्गेज काय लावलंतं? सरळ होम लोन म्हनायचं न्हाई का?"

अंगणात हसू फुटलं. बऱ्याच दिवसांनी सगळ्यांनी चहा मागितला, आणि साखर जास्त टाका म्हणाले. सत्यभामाबाई आत गेल्या आणि आधण ठेवून त्याच्याकडं बघत उभ्या राहिल्या.

"आबा, तुम्ही काहीच बोलला नाहीत," रविराज म्हणाला.

एक शब्द बोलायची ती शेवटची संधी होती. पोराचा चेहरा मात्र इतका हलका झाला होता, की त्याच्यावर ते वजन ठेवायला राधाकिशनरावांचा हात धजेना.

"घर तापवायचं यंत्र नीट बघून घे," ते म्हणाले. "जुनं आसंल तर बदलाया सांग."

रविराजनं घर घेतलं. फोटो आले. राजनंदिनीनं दारावर तोरण बांधलं होतं आणि पायरीवर बर्फ होता. सत्यभामाबाईंनी तो फोटो मोठा करून करून बघितला. कोपऱ्यात नातीचा बूट दिसत होता, तेवढ्यावर त्या बराच वेळ थांबल्या. हप्ते संपतील तेव्हा नातीचं लग्न झालेलं असेल आणि आपण नसू, हे दोघांनी आपापल्या मनाशी मोजलं आणि पुन्हा हवापाण्यावर बोलायला लागले.

गोष्ट इथं संपायला हरकत नव्हती. पण राधाकिशनरावांचं नाव झालं. पोराला घर घेता यावं म्हणून अख्खी भावकी उभी करणारा बाप, असं लोक सांगू लागले, आणि ते सांगणं माजलगावपर्यंत गेलं. तिकडून एक दिवस रामकिसनराव नावाचे अनोळखी गृहस्थ पेढ्यांचा पुडा घेऊन आले. ओट्यावर बसले, पाणी प्याले आणि म्हणाले, "माझा पोरगा जर्मनीत हाय. चांगली नोकरी हाय. पर घर घ्यायचं नाव काढलं की म्हंतो, बाबा, मला तर परतच यायचंय, तुमच्यापाशी. आता सांगा. त्याला तिथं पक्कं कसं करावं? तुमी कसं केलं?"

ज्याचं पोरगं स्वतःहून परत यायला निघालंय, तो हा माणूस. आणि तो दारं लावायला निघालाय.

"येऊ द्या की त्याला," राधाकिशनराव म्हणाले. "येतो म्हंतोय तर येऊ द्या."

रामकिसनराव मोठ्यानं हसले. "थट्टा करता व्हय? आपल्या पोरासाठी गाव गोळा केलं, आन् माझ्या पोराला म्हंता येऊ द्या! सांगा हो, लपवू नका."

तेवढ्यात स्वयंपाकघरातून सत्यभामाबाईंचा आवाज आला. आवाज शांत होता, आणि भाकरी थापायचा हात थांबला नव्हता.

"त्यास्नी म्हणावं, पोराला परत आणायसाठी जे जे करता येईल ते समदं करा. यांनी तेच केलं. पोरगं हमखास तिथंच ऱ्हातंय."

रामकिसनरावांनी गंभीरपणे मान डोलावली. मग त्यांनी सदऱ्याच्या खिशातून पेन काढला, पेढ्यांच्या पुड्याचा कागद मांडीवर सरळ केला आणि राधाकिशनरावांकडं बघितलं.

"लिवून घेतो," ते म्हणाले. "सुरुवात कुठून करायची?"